धाकटीचं अननसाचं चीज

धाकटी म्हणजे पन्नाशीची बाई. केस पिकले, चष्मा लागला, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी सगळ्या बाजारात तिचं नाव धाकटीच. आईबापांनी ठेवलेलं दुसरं नाव असणारच, पण मी ते कधी ऐकलं नाही. माझी बेकरी त्यांच्या दुकानाला चिकटून आहे. मधली भिंत एकच. माझ्या भट्टीची ऊब त्यांना फुकट आणि त्यांच्याकडे शिजणाऱ्या फळांचा वास मला फुकट, असं कित्येक वर्षं चाललंय. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं आहे.

दुकान ताईंचं. ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण. त्यांनाही सगळा बाजार ताईच म्हणतो, पण त्यांना म्हणतो तेव्हा उठून उभं राहून म्हणतो. शेळीच्या दुधाचं ताजं चीज आणि त्यात फळं, हा त्यांचा माल. जर्दाळूचं, अंजिराचं, संत्र्याच्या सालीचं. पांढरंशुभ्र, मऊ, किंचित आंबट, आणि मध्येच फळाचा गोड तुकडा दाताखाली येतो. खोटं कशाला बोलू, चीज करावं तर त्यांनीच. आणि बोलावंही त्यांनीच. गिऱ्हाईक पायरी चढलं की ताईंच्या तोंडातून नुसती साखर पडायला लागायची. लहान मुलाच्या हातावर चीजचा गोळा ठेवतील, म्हाताऱ्यांना खुर्ची देतील. मी बारा घरची पीठं पाहिलेली बाई, मलाही पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं की काय देवमाणूस आहे.

धाकटीला नवऱ्याने टाकलं, तेव्हा ती एक ट्रंक घेऊन बहिणीच्या दारात आली. ताईंनी घरात घेतलं. हे ताईंनी केलं, आणि केलं ते रोज सांगितलंही. मागची खोली दिली, म्हणजे जिथे फळांच्या पेट्या असतात ती. पेट्या हलवल्या नाहीत, पेट्यांमध्येच खाट टाकली. काम दिलं फडकी धुण्याचं. दूध फाटलं की त्याचा चोथा मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगतात, पाणी निथळून जातं आणि खाली उरतं ते चीज. ती फडकी रोज उकळत्या पाण्यातून काढावी लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या चिजाला आंबूस वास मारतो. धाकटीचे हात त्या पाण्याने कायमचे लाल झालेले. चीज करायच्या खोलीत मात्र तिला पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

"आमच्या धाकटीच्या हाताला गुण नाही हो," ताई गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेही तिच्यासमोर, हसत हसत. "ही जन्मली त्या दिवशी घरातलं सगळं दूध नासलं होतं. आमचे बाबा म्हणाले, घ्या, आली लक्ष्मी." गिऱ्हाईक हसायचं. धाकटीसुद्धा हसायची. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच वाटलं होतं की ताईंच्या थोबाडीत द्यावी, पण शेजार आहे, गप्प बसले. पुढे इतक्यांदा ऐकलं की नुसती पाठ फिरवून उभी राहायला लागले.

आता धाकटीला काय येत होतं ते ऐका. चीज करता येत नव्हतं, कारण करू दिलंच नव्हतं. पण ते ताटात मांडावं धाकटीने. गिऱ्हाइकाला चव दाखवायची म्हणून काउंटरवर एक लाकडी पाट असायचा, तो लावायचं काम कटकटीचं म्हणून तिच्या गळ्यात पडलं होतं. ताई असत्या तर चार गोळे टाकून मोकळ्या झाल्या असत्या. धाकटी चीज आधी फ्रिजमधून काढून ठेवायची. मला म्हणायची, "गारठलेल्या माणसाशी बोलून काही कळतं का वहिनी? तसंच आहे याचं." सुरीने कापायची नाही, दोरा ओढून कापायची, म्हणजे कड मोडत नाही. माझ्याकडचा कालचा पाव घ्यायची, ताजा नको म्हणायची, पातळ कापून तव्यावर कोरडा भाजायची. त्यावर जर्दाळूचं चीज, वर दोन थेंब मध आणि भरड मिरी. अंजिराच्या चिजाचे लहान लहान गोळे करून ते कुटलेल्या अक्रोडात घोळवायची. संत्र्याच्या सालीचं असेल तर खाली उकडलेल्या बीटाची चकती, आणि वरून मीठ नाही, काही नाही. कधी नासपतीची पातळ फोड. लोक एक तुकडा चाखायला यायचे आणि पाट रिकामा करून दोन डबे घेऊन जायचे. पैसे ताई घ्यायच्या आणि कौतुकही.

मग एक दिवस ते शेफ आले. पलीकडच्या रस्त्यावर मोठं हॉटेल आहे, तिथले मुख्य. उंच, खांदे वाकलेले, बोलणं कमी. पाटावरचे तीन तुकडे त्यांनी सावकाश खाल्ले. ताई सरसावल्या. "आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे साहेब. दूध स्वतः पारखून घेते मी."

शेफ म्हणाले, "चीज चांगलंच आहे. पण हे लावलं कुणी?"

ताईंना प्रश्नच कळला नाही. "लावलं म्हणजे?"

"हा पाट. हा भाजलेला पाव, हे बीट. कुणी केलं?"

धाकटी आतल्या दारात फडक्यांची बादली घेऊन उभी होती. मी पाव द्यायला आलेली. मीच बोट दाखवलं, ताई कसल्या दाखवतायत. शेफ सरळ आत वळले आणि तिच्याशी बोलायला लागले. हॉटेलात थंड पदार्थांचा विभाग आहे, कोशिंबिरी, चीज, फळं असलं सगळं. तो सांभाळणारा माणूस सोडून गेला होता. त्यांना असाच हात हवा होता. राहायला मागे खोली आहे, म्हणाले, खिडकी आहे तिला. पुढच्या आठवड्यात कुणातरी मोठ्या मंडळींचं जेवण आहे. "त्या दिवशी तुमच्या हातचं एक ताट होऊ दे. चीजही तुमच्याच हातचं, तुमच्या डोक्यातलं. मालकांना आवडलं की झालं, दुसऱ्या दिवसापासून या."

बादली ठेवायचंही तिला भान राहिलं नाही. शेफ गेल्यावर मला म्हणाली, "वहिनी, खिडकी आहे म्हणाले ना?" फळांच्या पेट्यांच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. इतकी वर्षं मी त्या खोलीत जाऊन येऊन होते आणि माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

मला वाटलं, ताई आता घर डोक्यावर घेणार. तसं काही झालं नाही. ताई इतक्या गोड झाल्या की मला मेलीला तेव्हाच संशय यायला हवा होता. "कर ना गं," म्हणाल्या, "कोण नाही म्हणतंय? खोली घे, भांडी घे, दूध मी देते. बहिणीचं चांगलं झालेलं मला नको आहे का?" चीजच्या खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेची काढून धाकटीच्या हातात दिली. धाकटीने ती किल्ली दिवसभर मुठीत धरून ठेवली होती.

तिच्या डोक्यात अननस होता. अननसाचं चीज बाजारात कुणी केलेलं नव्हतं. पिवळेधमक बारीक तुकडे, पांढरं चीज, वर भाजलेलं खोबरं आणि चिमूटभर लाल तिखट, असं तिने मनात लावूनही टाकलं होतं. जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी तिने फडक्यातून चीज काढलं. मी तिथेच होते, कोणता पाव लागेल ते विचारायला गेले होते. चीज उत्तम उतरलं होतं. हातात अननसाची वाटी घेऊन ती दारात आली. ताई शेगडीपाशी होत्या, जर्दाळू शिजवत होत्या.

"ताई," धाकटी म्हणाली, "अननस शिजवून घालू का गं? तू सगळी फळं शिजवतेस ना, म्हणून विचारते. की असाच टाकू? कच्चा असला की वास किती छान येतो."

ताई ढवळत राहिल्या. मग वळल्या, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "तुझं चीज आहे. तू ठरव."

धाकटीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तुझं चीज. उभ्या जन्मात तिला कुणी कशालाच तुझं म्हटलं नव्हतं. तिने अननस कच्चाच घातला, तोही संध्याकाळी, शेफ यायच्या जरा आधी, म्हणजे वास ताजा राहील.

शेफ चाखायला आले. दोन चमचे खाल्ले, तिसरा मागून घेतला. "असंच उद्या," एवढंच म्हणाले. मीही खाल्लं. काय सुरेख लागत होतं! ताईंनी पण चाखलं आणि मान डोलावली. "छान झालंय हो," म्हणाल्या. "आता घट्ट बांधून ठेव. सारखं उघडून बघू नकोस, हवा लागते." धाकटीने कागदात बांधलं, वर फडकं, वर दोरी. बहिणीने सांगितल्यावर ती पुन्हा कशाला उघडतेय?

दुसऱ्या दिवशी माझ्या टेम्पोत पावाच्या करंड्यांबरोबर तिला आणि तिच्या डब्यांना मीच हॉटेलात घेऊन गेले. नवी साडी होती अंगावर, माझ्या मुलीची. हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिने डबे उघडले. बुडाला पाणी सुटलेलं होतं आणि चीज पिठल्यासारखं सैल पडलं होतं. ती घाबरली, मग स्वतःचीच समजूत काढली की उकाड्याने झालं असेल, प्रवासात हललं असेल. पाणी टाकलं, खोबरं जरा जास्त लावून गोळे सावरले. ताटं तिने इतकी देखणी लावली की वाढप्यांनी थांबून पाहिलं. चाखून बघायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. काल सगळ्यांनी चाखलंच होतं ना.

ताटं बाहेर गेली. मी दाराच्या फटीतून बघत होते. पहिल्याच टेबलावरच्या बाईंनी घास घेतला आणि रुमाल तोंडाला लावला. शेजारच्याने ताट लांब सरकवलं. तिसऱ्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने हसलं. शेफ धावत आत आले, उरलेल्यातला एक चमचा तोंडात घातला आणि मोरीत थुंकले. कडू झालं होतं ते. कारलंही गोड वाटावं इतकं कडू. पाठोपाठ मालक आले आणि सगळ्यांसमोर धाकटीला जे बोलले ते मी इथे सांगणार नाही. ती नुसती "काल चांगलं होतं हो, काल चांगलं होतं" म्हणत राहिली.

आणि मग ताई आल्या. इतक्या लवकर आल्या की तेवढ्या वेळात निरोपही पोचत नाही. हातात दोन मोठे डबे. जर्दाळूचं चीज, ताजं, घट्ट, कालच्या त्याच शेगडीवर शिजलेल्या जर्दाळूंचं. "मला धाकधूक होतीच साहेब," मालकांना हात जोडून म्हणाल्या. "म्हटलं, असू दे हाताशी. हिच्या हाताला गुण नाही, पण बहीण आहे, मन मोडवत नाही." हॉटेलची अब्रू वाचली. मालक ताईंचे आभार मानून मानून दमले.

तेवढ्यावर थांबतील तर ताई कसल्या. अननसाच्या चिजाचा एक मोठा चमचा भरला आणि धाकटीच्या समोर धरला. "खा. लोकांना काय खायला घातलंस ते कळू दे की." सगळं स्वयंपाकघर बघत होतं. धाकटीने तो चमचा हातात घेतला आणि खाल्ला, गिळला. मग ताईंनी दुसरा भरला. तोही तिने खाल्ला. मी पुढे होऊन ताईंचा हात धरला, नाहीतर त्यांनी डबा संपवला असता.

त्यानंतर धाकटी कोलमडली. चीजच्या खोलीची किल्ली तिने आपण होऊन परत केली. पाट लावायचीही बंद झाली. "नको वहिनी, हात लावला की नासतं," म्हणायची, आणि फडकी धूत बसायची. ताई तिच्याशी कधी नव्हे इतक्या मायेने वागायला लागल्या. तिच्या पायांना तेल लावतात काय, तिला आधी वाढतात काय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण नेमकं काय झालं ते तोवर मलाही माहीत नव्हतं. मलाही वाटलं होतं, असेल बाई तिचं नशीबच फुटकं.

थोड्या दिवसांनी शेफ परत आले. सकाळची वेळ, दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं, मी पाव उतरवून घेत होते. त्यांनी धाकटीला बाहेर बोलवायला सांगितलं. ती ओले हात पदराला पुसत आली आणि त्यांना बघून भिंतीला टेकली.

"घाबरू नका," शेफ म्हणाले. "मी शोध घेतला. तुमच्या हाताचा काही दोष नाही. कच्च्या अननसात असं काहीतरी असतं की ते दुधाला आतून खातं. घातल्या घातल्या छान लागतं, रात्रभरात सैल होतं आणि कडू पडतं. अंजिराचंही तसंच. शिजवून घातलं की काही होत नाही. मला माहीत नव्हतं, आमच्याकडे चीज बाहेरून येतं. पण फळाचं चीज करणाऱ्या घरात हे पहिल्या दिवशी सांगतात म्हणे." मग दुकानभर नजर फिरवून म्हणाले, "मी मालकांशी भांडून आलोय. जागा अजून रिकामी आहे. मला एवढंच सांगा, तुम्हाला इथे कुणी सांगितलं नव्हतं का?"

ताई तराजूत चीज घालत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. वजन बरोबर झालं, त्यांनी पुडी बांधली, दोरी तोडली. धाकटी त्यांच्याकडे बघत होती. मी तिचं तोंड बघत होते, आणि देवाशपथ सांगते, तिला त्या क्षणी सगळं कळलं. तुझं चीज, तू ठरव, हे तिच्या डोळ्यांसमोरून गेलेलं मला दिसलं. मी मनात म्हणत होते, बोल. बोल बाई, एकदा तरी बोल.

"सांगितलं होतं की," धाकटी म्हणाली. "ताईने सांगितलं होतं शिजवून घाल म्हणून. मीच ऐकलं नाही."

शेफचा चेहरा कठोर झाला. "असं होय," म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्याला मी शिकवीन. पण सांगून न ऐकणारा माणूस माझ्या स्वयंपाकघरात नको." मी मध्ये तोंड घातलं, "अहो, ती खोटं बोलतेय, मी होते तिथे," म्हणून. धाकटी माझ्यावर ओरडली, जन्मात पहिल्यांदा. "वहिनी, आमच्या घरातलं तुम्ही बोलू नका." शेफ पायऱ्या उतरून गेले. त्यांच्या मागोमाग जावं म्हणून मी दारापर्यंत गेले, पण काय सांगणार होते? जिची बाजू मांडायची तीच उलटी साक्ष देत होती.

ताईंनी पुडी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली आणि सुस्कारा सोडला. "सांगून सांगून थकले हो मी," म्हणाल्या. "पण ऐकेल तर धाकटी कसली." आणि गिऱ्हाईक हसलं.

दुपारी मी मागच्या मोरीपाशी गेले आणि धाकटीला गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुझ्या सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला तुझा आणि तू तिलाच पाठीशी घालतेस? खोली मिळत होती, खिडकी मिळत होती, मान मिळत होता. लाथाडलंस सगळं. तिने फडकं पिळून दांडीवर टाकलं, नीट पसरलं, कोपरे ओढले.

"तिने मुद्दाम केलं असं मी सगळ्यांसमोर म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर मग मला कोण उरलं असतं वहिनी? नवरा तसा निघाला. ही पण तशीच निघाली, असं म्हणू? मग माझ्यातच काहीतरी असणार, नाही का?"

"मुद्दामच केलं तिने. तू विचारलंस तेव्हा ती जर्दाळू शिजवत होती. तुझं फसणार हे ठाऊक होतं म्हणून शिजवत होती."

ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समाधान होतं, तेच मला असह्य झालं. "तेच म्हणते मी," ती म्हणाली. "माझी फजिती झाकायला तिने आधीच करून ठेवलं. परक्याने केलं असतं का एवढं?"

मी घरी आले आणि त्या दिवशी भट्टीतले अर्धे पाव करपवले.

आता हॉटेलला रोज ताईंकडचं चीज जातं. ताटं लावूनच जातात. ती धाकटी लावते, कारण ताईंनी तिला हात धरून परत पाटाशी बसवलं आणि दुकानाचं नाव छापलेला नवाकोरा एप्रन तिच्या गळ्यात स्वतः बांधला. हॉटेलात त्याला ताईंचं ताट म्हणतात. शेफसुद्धा तसंच म्हणतात, मी ऐकलंय. फळांच्या पेट्या तेवढ्या वाढल्यात, त्यामुळे धाकटीची खाट आडवी होती ती उभी लावावी लागली.

परवा एका नव्या गिऱ्हाइकाने तिला विचारलं, इतकं सुंदर मांडायला कुठे शिकलात? धाकटी लाजली, एप्रनला हात पुसले आणि काउंटरकडे मान वळवून म्हणाली, "ताईने शिकवलं सगळं." ताईंनी मान डोलावली. धाकटी खूश आहे हो, अगदी मनापासून खूश आहे. मी पाव मोजून दिले आणि निघून आले.